वार्धक्यातील औषधोपचाराचा वाली

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार मानले आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याचा समावेश आहे. ज्यांचे वैयावृत्त्य करावयाचे त्यांच्या गणनेत आचार्य, उपाध्याय, तपस्वी यांच्या बरोबरीने ‘ग्लान’ म्हणजे रोगाने क्षीण झालेला साधूही स्वतंत्रपणे सांगितला आहे. आजाऱ्याची शुश्रूषा हे तपाचेच एक अंग आहे, ही दृष्टी त्यामागे आहे. गावोगावच्या जैन ट्रस्टांनी चालविलेले धर्मादाय दवाखाने, नेत्रशिबिरे, गरजू रुग्णांना दिलेली औषधे हा त्याच दृष्टीचा विस्तार होय. मात्र दानाने आजारपणाचा एखादा प्रसंग निभावून जातो. वय उतरणीला लागले की आजार प्रसंगापुरता येत नाही, तो मुक्कामाला येतो. त्या मुक्कामाचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाला शासनाने आणि विमाव्यवसायाने गेल्या पाऊणशे वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली. ती उत्तरे कोणाच्या पदरात पडली आणि कोणाला चुकवून पुढे गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रत्नागिरीच्या संदर्भात हा प्रश्न विशेष अगत्याचा आहे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ च्या जनगणनेत ती १६,१५,०६९ इतकी खाली आली. देशाची लोकसंख्या वाढत असता एखाद्या जिल्ह्याची घटावी, हे सहसा घडत नाही. त्याच जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. या दोन आकड्यांचा अर्थ कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तरुण मुंबई-पुण्याला गेले. घर, कलमे आणि दुकान सांभाळायला वडीलधारी मंडळी मागे राहिली. आजाराचा धनी गावात आणि कमावता हात परगावी, अशी ही विभागणी आहे.

स्वातंत्र्यापूर्वी वार्धक्यातील औषधोपचार ही सर्वस्वी घरची बाब होती. रत्नागिरीत सरकारी इस्पितळ होते, १८८६ मध्ये स्थापन झालेले मनोरुग्णालयही होते. तथापि म्हाताऱ्या माणसाने इस्पितळाची पायरी चढावी असा रिवाज नव्हता. वैद्याची मात्रा, घरचा काढा आणि सुनांची सेवा एवढ्यावर बहुतेकांचे अखेरचे दिवस गेले. खर्च थोडा होता, कारण करता येण्याजोगे उपायही थोडेच होते.

या स्थितीचा पहिला व्यापक विचार सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने केला. १९४६ मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालाचे मूलसूत्र असे की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये. त्यासाठी कराच्या पैशातून चालणारी सार्वत्रिक सेवा समितीने सुचविली. त्या योजनेत गरीब-श्रीमंत, नोकरदार-व्यापारी, तरुण-म्हातारा असा भेद नव्हता. माणूस आजारी आहे एवढीच पात्रता पुरेशी होती. स्वातंत्र्यानंतर या अहवालाचे गुणगान पुष्कळ झाले, प्राथमिक आरोग्य केंद्रेही उघडली गेली. पण सार्वत्रिक हमीचे सूत्र मात्र निधीच्या अभावी कागदावरच राहिले.

त्याच्या जागी जे आले ते तुकड्यातुकड्यांनी आले, आणि प्रत्येक तुकडा नोकरीला बांधलेला होता. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याविषयी अहवाल दिला होता. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ मध्ये मुंबईत त्याची योजना सुरू झाली. केंद्र सरकारच्या सेवकांसाठी १९५४ मध्ये दिल्लीत केंद्रीय आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती मुंबई, नागपूर, पुणे या शहरांत आली आणि निवृत्तिवेतनधारकांनाही लागू झाली. राज्य शासनाच्या सेवकांसाठी १९६१ चे वैद्यकीय देखभाल नियम आले. फार पुढे, १ एप्रिल २००३ पासून, माजी सैनिकांसाठी स्वतंत्र अंशदायी योजना सुरू झाली. सैन्यात गेलेल्यांची परंपरा असलेल्या कोकणातील अनेक घरांना तिचा आधार झाला. या सर्व योजना आपापल्या परीने चांगल्या होत्या. त्यांचे सूत्र एकच होते : ज्याला मालक आहे त्याला वाली आहे.

येथे एक दुकानदार कल्पावा. त्याचा जन्म १९३६ चा आहे. राम आळीत किंवा मारुती आळीत वडिलांनी थाटलेल्या किराणा अथवा कापडाच्या दुकानाच्या गादीवर तो विशीच्या आतच बसला. त्याला मालक नाही, कारण तोच मालक. त्याला निवृत्तीचे वय नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. तो विक्रीकर भरतो, दुकानाचा परवाना दरवर्षी नूतन करतो, धर्मकार्यात यथाशक्ती देणगी लिहितो. समाजातील किती घरांत असे आजोबा होऊन गेले किंवा आजही आहेत, हे वाचकांनीच आठवावे. १९४८ च्या कायद्याने त्याला कामगार मानले नाही, १९५४ च्या योजनेने सेवक मानले नाही. पुढच्या सत्तर वर्षांत एकेक दार उघडत गेले तेव्हा हा माणूस नेमका कोठे उभा होता, हे पाहिले म्हणजे या इतिहासाचा खरा उलगडा होतो.

त्याच्या शेजारच्या एका दाराविषयी आधी सांगणे आवश्यक आहे, कारण रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो कुटुंबे त्या दाराशी उभी होती. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोकणचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या राबला. गिरणीबरोबर त्याला राज्य विमा योजनेचे कार्ड मिळाले, परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात खाट मिळाली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत आणि असंख्य कामगार गावी परतले. नोकरीबरोबर विम्याचे संरक्षणही गेले. १९८९ च्या दुरुस्तीने निवृत्त कामगाराला अल्प वर्गणी भरून वैद्यकीय लाभ चालू ठेवण्याची सोय झाली. तिला किमान पाच वर्षांच्या विमापात्र नोकरीची अट होती आणि नियत वयोमानाने झालेली निवृत्ती तीत अभिप्रेत होती. संपात ज्याची नोकरी गेली तो नियत वयाने निवृत्त झालेला नव्हता. शिवाय ज्या खेड्यात तो परतला तेथे त्या योजनेचा दवाखानाही नव्हता. सबब ऐन चाळिशी-पन्नाशीत संरक्षण गमावलेली ही पिढी म्हातारपणी आपल्या दुकानदाराच्याच ओळीत येऊन उभी राहिली. ज्याला कधी कार्ड मिळालेच नाही तो आणि ज्याचे कार्ड काढून घेतले गेले तो, दोघांची अवस्था सत्तरीत सारखीच झाली.

नोकरीशी न बांधलेले पहिले दार उघडले ते विम्याचे. १ जानेवारी १९७३ पासून सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात येऊन १०७ विमा संस्थांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या होत्या. या कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ नावाची पॉलिसी बाजारात आणली. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने आयकर अधिनियमात कलम ८०-ड घालून तिच्या हप्त्यावर करसवलत दिली. आपला दुकानदार तेव्हा पन्नास वर्षांचा होता. पैसे मोजून कोणालाही घेता येईल अशी ही पहिलीच हमी होती. मग त्याने ती का घेतली नाही? प्रांजळपणे सांगायचे तर दोष सर्वस्वी कंपन्यांचा नव्हता. विमा म्हणजे आयुर्विमा, आणि आयुर्विमा म्हणजे मुलीच्या लग्नाची व मुलाच्या शिक्षणाची तजवीज, अशीच समजूत होती. काही न होता दरवर्षी हप्ता बुडीत जावा ही कल्पना व्यापारी मनाला पटणारी नव्हती. शिवाय प्रकृती धडधाकट असताना इस्पितळाच्या खर्चाचा विचार करणे अनेकांना अशुभ वाटे.

ज्यांनी ती पॉलिसी घेतली त्यांनाही तिचा मजकूर वाचल्यावर वेगळेच चित्र दिसे. पॉलिसी घेण्यापूर्वी जडलेला आजार तिच्यातून वगळलेला असे. पहिल्या वर्षी मोतीबिंदू, पुरुषस्थ ग्रंथीची वाढ, अंतर्गळ, मूळव्याध, भगंदर यांचा खर्च मिळत नसे. ही यादी उतारवयाच्या व्याधींचीच यादी आहे, हे कोणाही गृहस्थाच्या ध्यानात येईल. म्हणजे तरुणपणी घेतली तरच ती म्हातारपणी कामास येणार, आणि तरुणपणी तर तिची आठवणच होत नसे. प्रारंभीच्या काळात आधी इस्पितळाचे बिल भरावे लागे, नंतर कागदपत्रे पाठवून पैशांची वाट पाहावी लागे. १९९६ मध्ये अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी ‘जन आरोग्य’ पॉलिसी आली. तिचे संरक्षण वर्षाला ५ हजार रुपयांचे. पंचेचाळिशीपर्यंत हप्ता ७० रुपये, तर पासष्टीनंतर १४० रुपये, आणि सत्तरीला दार बंद. विमाशास्त्राच्या दृष्टीने यात गैर काही नाही. ज्याला आजाराचा संभव अधिक त्याचा हप्ता अधिक. प्रश्न एवढाच की, ज्याला गरज सर्वांत मोठी त्याच्याच तोंडावर दार लावण्याला संरक्षण म्हणावे काय?

१९९३ मध्ये नेमलेल्या मल्होत्रा समितीच्या शिफारशींनंतर १९९९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला आणि २००० पासून खासगी कंपन्यांना प्रवेश मिळाला. स्पर्धेने ग्राहकाचे हित होईल अशी अपेक्षा होती. तरुण ग्राहकाचे काही प्रमाणात झालेही. वृद्धांच्या वाट्याला मात्र त्या दशकात नकार आणि हप्तावाढच अधिक आली. वर्षानुवर्षे हप्ता भरणाऱ्याने एकदा दावा केला की नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने हात आखडता घ्यावा, अशा तक्रारी देशभर होत्या. याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बिमान कृष्ण बोस यांच्या खटल्यात दिलेला निर्णय महत्त्वाचा ठरला. विमाधारकाने पूर्वी दाव्यासाठी कोर्टकचेरी केली एवढ्या कारणावरून सरकारी विमा कंपनीला मेडिक्लेमचे नूतनीकरण नाकारता येणार नाही. तिने राज्यसंस्थेप्रमाणे न्याय्य वागले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. नूतनीकरण हे मूळ पॉलिसीचेच सातत्य असल्याने मधल्या काळात जडलेला आजार ‘आधीचा आजार’ ठरत नाही, हा त्यातला मुद्दा वृद्धांच्या दृष्टीने फार मोलाचा होता.

जानेवारी २००७ पासून दरनिश्चितीची जुनी पद्धत उठली आणि ज्येष्ठांचे हप्ते पुष्कळ चढले. ओरड झाल्यावर नियामक प्राधिकरणाने के. एस. शास्त्री यांच्या अध्यक्षतेखाली खास ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यविम्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल २००७ मध्ये आला. पुढे २०१३ च्या विनियमांनी दोन गोष्टी बंधनकारक केल्या. आरोग्यविम्यात प्रवेशाचे वय सर्वसाधारणपणे किमान ६५ वर्षांपर्यंत असावे, आणि एकदा दिलेल्या पॉलिसीचे नूतनीकरण आयुष्यभर होत राहावे. ही सुधारणा खरोखरच मोठी होती. पण १९३६ साली जन्मलेला आपला दुकानदार त्या वर्षी सत्त्याहत्तर वर्षांचा होता.

बाजाराचे दार असे चुकले. शासनाच्या दाराची कथा शिधापत्रिकेच्या रंगाभोवती फिरते. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर केशरी, त्यापुढे किंवा घरात चारचाकी असल्यास पांढरी. पिवळ्या पत्रिकेसाठी उत्पन्नाच्या मर्यादेबरोबरच घरात विक्रीकर, व्यवसायकर वा आयकर भरणारा कोणी नसावा ही अट होती. एक लाखाची ती मर्यादा पुढे वर्षानुवर्षे तशीच राहिली आणि रुपयाची किंमत मात्र घसरत गेली. परिणामी साधे किराणा दुकान चालविणाऱ्या घरातही पांढरी पत्रिका आली. कागदावर ते घर ‘संपन्न’ झाले. त्या काळी पांढऱ्या पत्रिकेचा कित्येकांना थोडा अभिमानही वाटला असेल. धान्य तर बाजारातूनच आणायचे होते.

या रंगाची किंमत पुढे कळली. राज्याने १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या हृदय, मूत्रपिंड, मेंदू आदींच्या गंभीर आजारांसाठी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली होती. तिच्या जागी २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत आली. कोकणापैकी रायगडाचा त्यांत समावेश होता, रत्नागिरीचा नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली तेव्हा रत्नागिरीलाही तिचा लाभ मिळू लागला. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत ९७१ शस्त्रक्रिया व उपचार विनामूल्य, वयाची अट नाही, आधीच्या आजाराची आडकाठी नाही. विम्याच्या तत्त्वाने चाललेल्या योजनेत वृद्धांना असा समान हक्क मिळणे ही नवलाची गोष्ट होती. तिच्यामुळे केशरी पत्रिकेच्या अनेक घरांतील आजोबांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. पांढऱ्या पत्रिकेला मात्र तेथे प्रवेश नव्हता. २००८ पासून देशात चाललेली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना ३० हजार रुपयांची आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची होती. २०१६ मध्ये तिच्यात ज्येष्ठांसाठी प्रत्येकी आणखी ३० हजारांची भर पडली, तीही त्याच कुटुंबांना.

धर्मादाय रुग्णालयांचा विषय या स्मरणिकेच्या वाचकांना जवळचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये जी योजना अमलात आली तिच्यानुसार सार्वजनिक न्यासांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावयाची असते. ट्रस्टांच्या स्वेच्छेच्या औषधदानाला येथे कायद्याच्या कर्तव्याचे रूप आले. ही तरतूद योग्यच आहे. पण तिचीही कसोटी उत्पन्नाचा दाखला हीच आहे, आणि दुकानदाराच्या घरात तो दाखला मिळत नसे.

२०१८ मधील प्रसंग तर बोलका आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देणारी ही योजना २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातनिहाय गणनेच्या यादीवर आधारलेली होती. शहरी भागात पात्रता व्यवसायावरून ठरे. फेरीवाला, घरकामगार, बांधकाम मजूर यांच्याबरोबर छोट्या आस्थापनेतील दुकान-नोकर, मदतनीस, शिपाई हा वर्ग त्या यादीत होता. म्हणजे गादीपुढे माल मोजून देणारा नोकर आत आणि गादीवर बसलेला ब्याऐंशी वर्षांचा वृद्ध बाहेर! नोकराला मिळाले याचे कोणाला वैषम्य वाटू नये. त्याला ते मिळायलाच हवे होते. परंतु दोघांपैकी कोणाला हृदयविकाराचा झटका आधी येण्याचा संभव आहे, हे कोणत्याही रकान्यात विचारलेले नव्हते.

मधल्या काळात वृद्ध कल्याणाचे कायदे व धोरणे झाली नाहीत असे नाही. १९९९ मध्ये वृद्धांसाठीचे राष्ट्रीय धोरण आले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणविषयक अधिनियमाने सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खाटा आणि स्वतंत्र रांग यांची तरतूद केली. ती रांग मिळाली, आणि सांधे धरलेल्या माणसाला रांगेचेही महत्त्व असते. खर्चाचा प्रश्न मात्र त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाशी तसाच उभा राहिला.

निर्णायक बदल घडला तो २०२३-२४ या दोन वर्षांत. महाराष्ट्र शासनाने २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण (राजीव गांधी योजनेला हे नाव २०१७ मध्ये मिळाले होते) दीड लाखांवरून पाच लाखांवर नेले, उपचारांची संख्या १,३५६ केली आणि योजना राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवासी कुटुंबांना खुली केली. १ जुलै २०२४ पासून ती विस्तारित रूपात अमलात आली. पांढऱ्या पत्रिकेचा अडसर पंचवीस वर्षांनी दूर झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचारही निःशुल्क झाले होते.

पाठोपाठ केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत घेण्याचा निर्णय केला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीला, त्याचा प्रारंभ झाला. सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठांचा त्यात समावेश होईल असा शासनाचा अंदाज होता. त्यासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ नावाचे वेगळे कार्ड मिळते. आधारकार्डावरील वय हीच पात्रता. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाल नाही. कुटुंब आधीच योजनेत असेल तर सत्तरीवरील व्यक्तींसाठी आणखी पाच लाखांचे वेगळे संरक्षण मिळते. पती-पत्नी दोघे सत्तरीच्या पुढे असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते. ज्यांना केंद्रीय आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना लागू आहे त्यांना दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते. खासगी मेडिक्लेम असणाऱ्यांना अशी निवड करावी लागत नाही, त्यांना दोन्ही चालतात.

या निर्णयाचे ऐतिहासिक महत्त्व रकमेत नाही. १९४६ नंतर प्रथमच केवळ वय ही पात्रता झाली. तोवर नोकरी असावी लागे, दारिद्र्य असावे लागे किंवा तारुण्य असावे लागे. १९३६ साली जन्मलेला दुकानदार, जर तो हयात असेल, तर हे कार्ड त्याला अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी मिळाले. त्याच्या बरोबरीचे बहुतेक जण ते पाहण्यास उरले नाहीत. त्यांच्या आजारपणाचा खर्च मुलांनी केला, काहींच्या बाबतीत दागिने मोडून, काहींच्या बाबतीत दुकानाचे भांडवल काढून. खतावणीत तो खर्च ‘घरखर्च’ या खात्यावर पडला आणि तेथेच त्याची नोंद संपली.

आता या संरक्षणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांची आहे. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांच्या रोजच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. आणि वृद्धाच्या खिशाला महिन्याच्या महिन्याला कात्री लावतात त्या याच गोळ्या. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांनी आणि सरकारी दवाखान्यांनी हा भार काही अंशी हलका केला आहे. एवढ्या सुधारणांनंतरही औषधदानाला सर्वाधिक वाव उरला आहे तो येथेच.

दुसरी मर्यादा अंतराची. कार्ड खिशात असले तरी ते स्वीकारणारे आणि तो उपचार करणारे रुग्णालय आवाक्यात असावे लागते. गंभीर आजार म्हटला की रत्नागिरीकराची नजर पूर्वापार मुंबईकडे नाही तर आंबा घाटापलीकडे कोल्हापूरकडे वळते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर मुंबई जवळ आली. परंतु हृदयाच्या रुग्णाला गाडीच्या वेळेपर्यंत थांबता येत नाही. चिपळूण तालुक्यात डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाने हे अंतर पुष्कळ कमी केले. २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० विद्यार्थी क्षमतेने सुरू झाले. तेथील विशेषोपचारांचे विभाग जसजसे भरतील तसतसे वय वंदना कार्डाला या शहरात खरे मोल येईल.

खासगी विम्यातही या दोन वर्षांत दुरुस्त्या झाल्या. १ एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांची प्रवेशमर्यादा उठली, आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला आणि सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येणार नाही असे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये नियामक प्राधिकरणाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढविण्यापूर्वी आपल्याशी विचारविनिमय करावा असा आदेश कंपन्यांना दिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवाकर रद्द झाला. तरीही सत्तरीत नवी पॉलिसी घ्यावयाची तर हप्ता भारी पडतोच. साठ ते सत्तर या वयातील मंडळींना वय वंदना कार्ड अद्याप नाही. त्यांना राज्याच्या योजनेत कुटुंबाबरोबर राहावे लागते आणि तेथे घरातील सर्वांचे मिळून पाच लाख आहेत. त्या दहा वर्षांसाठी जुनी पॉलिसी हाताशी असणारा गृहस्थ तिचा हप्ता चुकवीत नाही. कारण एकदा खंड पडला की प्रतीक्षाकालाची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.